कवडीचा चीक

रविवारी सकाळी शिंगरू उठलं नाही.

भगवंतने प्रथम ते झोपेवर घातलं. गुरुवारच्या पहाटे जन्मलेला जीव. एवढ्या लहान देहाला जगण्याचाही शीण होत असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि कुटाराचं टोपलं खाली ठेवलं. पण कवडी ज्या रीतीने उभी होती, ती रीत त्याला खटकली. ती पांढरी घोडी मान झुकवून पिलाच्या कानाशी नाक नेत होती, थांबत होती, पुन्हा नेत होती. उत्तर न देणाऱ्या दारावर कुणी पुन्हा पुन्हा थाप द्यावी तशी. आणि तिच्या कासेतून दूध आपसूक ठिबकत होतं. शुक्रवारी, शनिवारी, दोन्ही सकाळी ती कास सैल आणि हलकी होती. आज ती ताणून घट्ट झाली होती. म्हणजे रात्री केव्हापासून तरी तिला कुणी तोंडच लावलं नव्हतं.

तो गुडघ्यांवर बसला. शिंगरू मादी होतं. अंगावर अजून जन्माचा राखाडी, ओल्या मातीसारखा रंग. आईचा पांढरेपणा त्याला सात-आठ वर्षांनी लाभणार होता. भगवंतने त्याच्या मानेखाली हात घातला, तर मान हातातच राहिली. पुढच्या उजव्या पायाचा सांधा सुजला होता आणि तव्यासारखा तापला होता.

"बाई," त्याने घराकडे तोंड करून हाक मारली. आवाज चढवला नाही. केशरबाई चहाची कपबशी हातात घेऊनच आली, आणि भावाच्या पाठीकडे पाहताच तिने ती कपबशी कठड्यावर ठेवून दिली.

आजचा दिवस असा उगवायचा नव्हता. आज अनुप अमरावतीहून येणार होता, येताना पेढे आणणार होता, आणि माघात याच अंगणात दिलेला शब्द सगळ्यांसमक्ष पाळणार होता. तबेल्याच्या जागेवर घर बांधायचं, ही अनुपची जुनी इच्छा होती. त्याचे वडील, म्हणजे भगवंतचे थोरले भाऊ, जाऊन नऊ वर्षं झाली होती. जागा दोघा भावांची, आणि भगवंतला मूलबाळ नाही. पुतण्याने अदबीने पण ठामपणे सांगितलं होतं की काकाची साठी उलटली, वरातीत आता डीजेच्या गाडीपुढे घोडी बुजते, आणि हे सगळं किती दिवस चालवायचं. भगवंतने त्यावर एवढंच म्हटलं होतं की कवडी गाभण आहे. बछेरी झाली आणि जगली, तर ठाण इथेच राहील. नर झाला किंवा काहीच हाती लागलं नाही, तर परतवाड्याचं गिऱ्हाईक तयार आहे, घोडी त्याची आणि जागा अनुपची. केशरबाई मध्यस्थ होती. तिने दोघांचे हात आपल्या हातात घेऊन हा निवाडा केला होता, आणि निवाडा करताना ती कुणाच्या बाजूची आहे हे दोघांनाही कळू दिलं नव्हतं.

बछेरीच का, हे घरात कुणी विचारलं नाही. पन्नास वर्षांपूर्वी भगवंतच्या बापाच्या, बुधाजीच्या, धाकट्या भावाच्या लग्नात ठरवलेली घोडी वस्तीच्या तोंडापर्यंत आली आणि तिथूनच मागे फिरली होती. नवरदेव पायी गेला. बुधाजी त्या वरातीत एक शब्द बोलला नाही. पुढच्या वर्षी तो घोड्यांच्या बाजाराला पायी गेला आणि पायीच परत आला, तेव्हा त्याच्या हातात एका पांढऱ्या घोडीची दोरी होती. त्यानंतर वस्तीतला एकही नवरदेव पायी गेला नाही. आणि काही वर्षांनी, ज्या आळीने ती घोडी मागे फिरवायला लावली होती त्याच आळीतली माणसं बुधाजीच्या अंगणात तारीख ठरवायला येऊन बसू लागली. बुधाजी त्यांना चहा देई. त्या पहिल्या घोडीची लेक, तिची लेक, तिचीही लेक; दोरी आईकडून मुलीकडे येत राहिली. कवडी पाचवी होती. भगवंतच्या लेखी ही जनावरांची वंशावळ नव्हतीच. त्याच्या बापाने आयुष्यात उच्चारलेलं ते एकमेव लांब वाक्य होतं, आणि ते आपल्या तोंडात अर्ध्यावर तुटू नये एवढंच त्याला हवं होतं.

म्हणून अकरा महिने त्याने तिला जपलं. मार्गशीर्षानंतर एक वरात घेतली नाही. विहिरीचं खारं पाणी बंद करून तिच्यासाठी नळाचं पाणी भरून ठेवलं. भिजवलेले हरभरे, कोंडा, बोटभर गूळ. अखेरच्या महिन्यात तो तिच्या पोटाला कान लावून बसू लागला तेव्हा केशरबाई हसली होती. "तुह्या बायकोच्या पोटाले तं कधी कान लावला नाही तू," ती म्हणाली होती, आणि मग तिने हसू आवरलं होतं, कारण त्या पोटाने कधी कुणाला तशी संधीच दिली नव्हती.

अनुप दहाच्या सुमारास आला. पेढ्यांचा पुडा त्याने गाडीतच ठेवला.

*

अकोल्याहून डॉक्टर यायला दुपार झाली. तिचं नाव अलीझा. तिशीच्या आतली, ओढणी कमरेला बांधून थेट शेणात बसणारी. तिने शिंगराच्या हिरड्या पाहिल्या, ताप पाहिला, सांधा दाबला. मग रक्त काढलं, आणि सुई लावत असताना, जणू गप्पाच मारते आहे अशा सुरात, विचारलं:

"काका, जन्मल्यावर चीक पिली का ही? पहिलं घट्ट दूध?"

भगवंतने सांगितलं की प्याली. दीड-दोन तासांत उभी राहिली आणि पोटभर प्याली, त्याने स्वतः पाहिलं.

"त्याच्याआधी कुणी कास पिळली होती?"

 भगवंतला डोळ्यांच्या कडेने दिसलं की त्याची बहीण पदर सारखा करत होती आणि तिचा हात मधेच थांबला. गुरुवारी सकाळी तो जार, म्हणजे व्याल्यानंतरची वार, पुरायला शेताच्या धुऱ्याकडे गेला होता. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून खड्डा खोल घेतला, त्यात वेळ गेला. परत आला तेव्हा निंबाच्या बुंध्याशी ओल होती आणि धुतलेला तांब्या उपडा पडला होता. त्याला त्यात काहीच वेगळं वाटलं नव्हतं. बाई नेहमीच तसं करत आली होती. अकरा महिने कासेत साचलेलं, शिळं, जड दूध; गाईचं असतं तर त्याच्या वड्या झाल्या असत्या, घोडीचं कोण खाणार. झाडाच्या मुळाशी ओतायचं आणि मग पिलाला लावायचं. कवडीच्या आईच्या वेळी, आजीच्या वेळी, प्रत्येक वेळी तिने ओतलं होतं. आणि ती सगळी शिंगरं जगली होती.

"पिळली," तो म्हणाला. "मीच."

डॉक्टरने रक्ताची नळी डब्यात ठेवली. मग तिने सावकाश समजावून सांगितलं. घोडीच्या पोटात पिलाला रोगाशी लढायची ताकद मिळत नाही. ते जन्मतं तेव्हा अगदी कोरं असतं. जे काही मिळायचं ते चिकातून, आणि तेही पहिल्या काही तासांत. त्यानंतर प्यालेलं दूध पोट भरतं, रक्षण करत नाही.

"मंग आधीचे कसे जगले?" भगवंतने विचारलं. हा प्रश्न डॉक्टरला होता की स्वतःला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"आधीच्या वेळी तुम्ही तिथंच होते का, व्याली तेव्हा?"

नव्हते. चारही खेपांना घोडी आपल्या आपण, माणसाचा डोळा चुकवून व्याली होती. घरचे लोक उजाडल्यावर पोचत, तेव्हा शिंगरू उभं राहून, पिऊन, आईच्या सावलीत झोपलेलं असे. बाईने जे ओतलं ते उरलेलं होतं. ह्या खेपेला कवडीच्या ठाणावर अनुपने अमरावतीतून दिसेल असा कॅमेरा बसवला होता. भगवंत तिच्या शेजारी खाट टाकून झोपत होता. सूनबाई, म्हणजे अनुपची बायको रश्मी, पंधरा दिवस येऊन राहिली होती. ह्या खेपेला सगळे वेळेवर पोचले होते.

अनुपचा आवाज तेव्हाच चढला. तो काय काय बोलला ते पुढे कुणालाच नीट आठवलं नाही. एवढंच आठवलं की त्यात पन्नास वर्षं घोड्या पाळल्याचा टेंभा हे शब्द होते, आणि एका फोनवर विचारता आलं असतं, हे होतं. भगवंत ऐकत राहिला. पुतण्याच्या रागात दुःख होतं हे त्याला कळत होतं, आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटत होतं. वैरी म्हणून ज्याच्याकडे वर्षभर पाहिलं, तो वैरी नव्हता.

डॉक्टर म्हणाली, प्रयत्न करू. कवडीचंच रक्त काढून, बाटली टांगून ठेवून, तांबडं खाली बसल्यावर वरचं पिवळसर पाणी पिलाला चढवता येईल. "उशीर झालाय, खोटं सांगत नाही. पण करू."

*

रश्मी पडवीच्या खांबाशी उभी राहून त्या बाटलीकडे पाहत होती. रक्त हळूहळू दोन रंगांत विभागत होतं. ती अमरावतीची मुलगी. ह्या घरात लग्न होऊन सहा वर्षं झाली तरी तिने घोडीला कधी हात लावला नव्हता. आणि तरीही आज ह्या अंगणात, भगवंतकाका खोटं बोलले हे ठामपणे जाणणारी केशरआत्यांखेरीज ती एकटीच होती.

गुरुवारी पहाटे अनुपचा फोन आला होता: उठ, कवडी खाली बसली. तिने सगळ्यांना उठवलं, दिवा धरला, जन्म पाहिला. ओल्या पडद्यातून पुढे आलेले ते दोन खूर, आणि मग अचानक घरंगळून आलेलं एक अख्खं आयुष्य. अनुपनेही तिकडे मोबाईलवर ते पाहिलं आणि ऑफिसची घाई म्हणून फोन बंद केला. काका जार घेऊन गेले. आत्या तांब्या घेऊन आली. घोडी दुसऱ्या कुणाला कासेशी येऊ देत नसे. आत्याच्या हातांखाली ती शांत उभी राहिली. दूध पिवळं होतं, मधासारखं दाट. तांब्या भरला. आत्याने तो रिकामा करून पुन्हा भरला. शिंगरू तेव्हा पाय गोळा करून उभं राहण्याचा प्रयत्न करत होतं आणि पडत होतं.

रश्मीला माहीत होतं. घोडीचं नव्हे, पण चिकाचं माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या बाळंतपणात, दवाखान्यातल्या खाटेशी हीच आत्या वाटी घेऊन उभी होती. पहिलं दूध काढून टाकायचं, बाळाला मधाचं बोट द्यायचं. नर्सने सांगितलेलं सगळं रश्मीने आधी नीट समजावून सांगितलं होतं. आत्या ऐकेना, तेव्हा ती साऱ्या वॉर्डादेखत म्हणाली होती, "माह्या लेकराले हात लावू नका." आत्याने वाटी खाली ठेवली. त्यानंतर तिने रश्मीसाठी डिंकाचे लाडू केले, लेकीला रोज तेल लावून न्हाऊ घातलं, सगळं केलं. पण त्या दिवसापासून तिने रश्मीला एकही गोष्ट करायला किंवा न करायला सांगितली नाही. दोन वर्षं एका म्हाताऱ्या बाईचं मत घरात शब्दाविना वावरत राहिलं होतं, आणि रश्मीला आपली जीत रोज थोडी थोडी जड होत गेली होती.

म्हणून गुरुवारी ती गप्प राहिली. घोडीचं वेगळं असेल, हे लोक पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत, असा एक विचार होता. ह्या बाईला आणखी एकदा कशाला हरवायचं, असा दुसरा. आणि तिसराही एक विचार होता, ज्याला तिने आजवर पूर्ण रूप घेऊ दिलं नव्हतं: तबेल्याच्या जागी दोन खोल्या, पूर्वेकडे खिडकी.

*

डॉक्टर हात धुवायला नळाशी गेली तेव्हा केशरबाई तिच्या हातावर पाणी घालायला म्हणून मागोमाग गेली. नळ सुरू होता. पाणी घालायची गरज नव्हती. तरी ती तांब्या धरून उभी राहिली.

"पोरी," ती म्हणाली, "मानसाच्या लेकराचंबी असंच असते का वो?"

अलीझाने मान वर केली नाही. नखांतली घाण काढता काढता तिने सहज उत्तर दिलं. "माणसाचं थोडं वेगळं असतं, आजी. त्याले आईच्या पोटातच थोडीफार ताकद मिळून जाते. पण पहिलं दूध त्यालेबी पाहिजेच. लय मोठी गोष्ट असते ती."

केशरबाईने मान हलवली. टॉवेल आणून दिला. चहा घेऊन जा म्हणाली.

हिवरखेडला, सासरी, तिला दोन मुलगे झाले होते. पहिला नऊ दिवस होता. दुसरा एकवीस दिवस. दोघांच्या वेळी सासूने वाटी धरली होती आणि तिने स्वतःच्या हाताने दूध काढून टाकलं होतं, कारण मुलं जगावीत असं तिला वाटत होतं. जे करायला सांगितलं ते तिने कुठलीही कुचराई न करता केलं होतं. दुसऱ्या वेळी तर अधिक मनापासून. पुढे नवरा गेला, ती माहेरी आली, आणि आपल्याला शिकवलेली ती एकच काळजी तिने इथल्या प्रत्येक बाळंतिणीला, प्रत्येक गाभण जनावराला तितक्याच निष्ठेने दिली. अनुपच्या आईलाही. अनुप जगला; त्या काळजीमुळे जगला असं तिला वाटत आलं होतं. तो त्या काळजीतूनही वाचला असेल, ही शक्यता आज सत्तरी उलटल्यावर पहिल्यांदाच तिच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि बाजूला होईना.

थोडं वेगळं असतं, असं ती पोरगी म्हणाली होती. केशरबाईने त्या 'थोडं' या शब्दाला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. मग संध्याकाळपर्यंत केव्हातरी तो तिच्या हातून सुटला. तिला ती दोन मुलं नावांनी आठवत नव्हती, कारण नावं ठेवायची वेळच आली नव्हती. तिला फक्त त्यांच्या ओठांची हालचाल आठवत होती. काहीतरी शोधणारी, आणि न सापडल्यामुळे न रागावणारी.

भावाने आपल्यावरचं स्वतःवर घेतलं, तेव्हा ती बोलली नाही. तोंड उघडलं असतं तर गुरुवारचं तेवढंच बाहेर आलं नसतं.

*

सोमवारी, दिवस माथ्यावर यायच्या आत, शिंगरू गेलं.

पिवळं पाणी चढवल्यावर रविवारी संध्याकाळी त्याने एकदा मान उचलली होती. कवडी हलकेच खिंकाळली होती, आणि अनुप, जो परत अमरावतीला निघायचा होता, तो न जाता खाटेवर बसून राहिला होता. त्याने हे शिंगरू मरावं असं कधीच इच्छिलं नव्हतं. नर व्हावं, एवढंच इच्छिलं होतं. त्या दोन इच्छांमधलं अंतर केवढं, हे रविवारच्या त्या तासाभरात त्याला मोजता येईना. सकाळी त्याने ऑफिसात फोन करून येत नाही म्हणून सांगितलं; कारण विचारलं तेव्हा घरात आजारपण आहे, असं तो म्हणाला, आणि ते खोटं बोललो असं त्याला वाटलं नाही.

काका-पुतण्यांनी मिळून धुऱ्याच्या कडेला खड्डा घेतला. चैत्रातली काळी जमीन. वर भेगा, आणि खाली हात दोन हात गेल्यावरही ओल नाही. अनुपच्या तळव्यांना फोड आले. भगवंतने त्याच्या हातातून फावडं घेतलं नाही. घ्यावंसं वाटलं, पण आज ह्या मुलाकडून काहीही काढून घेऊ नये असंही वाटलं.

परत येऊन सगळे पडवीत बसले. रश्मीची लेक आत झोपली होती. तबेल्यातून कवडीचा आवाज येत होता. थांबून थांबून, प्रश्न विचारल्यासारखा, आणि दर वेळी उत्तराला तेवढीच जागा सोडून.

अनुप म्हणाला की काका, माघातलं बोलणं मी सोडून देतो. घोडी राहू द्या, पुढच्या साली पुन्हा पाहू, घराचं काय, होईल तेव्हा होईल. हे त्याने मनापासून म्हटलं. वर्षभर जे वाक्य ऐकायला भगवंत आसुसला होता, ते हेच होतं.

"नाही," भगवंत म्हणाला. "परतवाड्याच्या मानसाले मी फोन केला. परवा येऊन राहिला तो. ने म्हणलं तिले."

"काहून पण? मी तं नाही म्हणून राहिलो ना आता."

"तू नाही म्हनत. पण माह्या डोयानं आता तिच्याकडे पाहवत नाही, बापा. बाबाच्या हातची चीज होती. माह्या हातानं गेली."

अनुपने कपाळाला हात लावला. कालचा राग केव्हाच विझला होता. उरलं होतं ते फक्त न कळणं. "तुमी असं कसं केलं, काका? मले तेच समजून नाही राह्यलं. तुमी तं तिच्या खुराले माती लागू देत नव्हते."

"त्यानं नाही केलं," केशरबाई म्हणाली.

ती भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत आणि ती ते थोडा वेळ सांभाळते आहे. "मी काढलं. दोन तांबे. निंबाच्या बुडाशी ओतून देल्लं. तो धुऱ्यावर गेलता. त्यानं हातबी नाही लावला, तरी कालपासून माह्यावालं आपल्या डोक्यावर घेऊन बसला आहे."

"बाई, राहू दे आता," भगवंत म्हणाला.

"काहून राहू दे? आजपावतर लय राहू देल्लं."

अनुप उठून तिच्याजवळ जाऊन बसला. लहानपणी ताप आला की तो जसा बसे तसा, गुडघ्याला गुडघा लावून. तिच्यावर त्याला रागावता आलं नाही. त्याला वाढवणारे हात ते हेच होते. त्याने तो राग हवेत, कुठल्याच माणसाकडे जाणार नाही अशा बेताने, सोडून दिला. "तुले कोणं तरी सांगाले पाहिजे होतं, आत्या," तो म्हणाला. "तुहा काय दोष? तिथं सांगणारं कोणीच नव्हतं."

ते वाक्य पडवीत पडून राहिलं. तबेल्यातला आवाजही नेमका तेव्हा थांबला होता. रश्मीला वाटलं, आता आपण उठून आत गेलो, लेक रडते आहे असं म्हणालो, तर हे वाक्य असंच राहील; मऊ, क्षमाशील, आणि खोटं. आणि मग ह्या जागी बांधलेल्या घरात आपण आयुष्यभर ह्याच वाक्यावर राहू.

"मी होती," ती म्हणाली.

अनुपने वळून पाहिलं.

"मी दारात उभी होती. आत्यानं चीक काढला तेव्हा. मले माहीत होतं ते फेकाचं नसते म्हणून. मी बोलली नाही."

तिला वाटलं होतं, अनुप काही विचारेल. पण सहा वर्षांत न पाहिलेलं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर दिसावं तसा तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि मग त्याने नजर खाली, स्वतःच्या फुटलेल्या तळव्यांवर नेली. भगवंत उठला. घोडीला पाणी दाखवायचं राहिलं, असं काहीसं पुटपुटत तो बादली घेऊन गेला. परवापर्यंत ती त्याचीच होती.

केशरबाई मात्र दचकली नाही.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "तुह्या पैंजणीचा आवाज आल्ता मले. मी मागं नाही पाह्यलं, पण तू दारात येऊन थांबली हे मले समजलं होतं."

रश्मीचा हात नकळत पैंजणीकडे गेला.

"पहिला तांब्या भरला ना, तं मी थांबली उलीसक. म्हणलं, आता हे बोलन. दवाखान्यात बोलली होती तशी. मी आयकलं असतं का नाही, ते नाही सांगत मी. नसतंच आयकलं बहुतेक. पण थांबली होती." तिने एक श्वास घेतला. "तू बोलली नाही. मंग मले वाटलं, या खेपेला मीच खरी. म्हनून दुसरा तांब्या भरला."

बोलून झाल्यावर तिने मांडीवरचे दोन्ही हात उलटे केले, तळवे खाली. आत लेक जागी झाली होती आणि आईला हाका मारत होती. रश्मी उठली नाही. कितीतरी वेळ दोघी तशाच बसून राहिल्या, एकमेकींकडे न पाहता, आणि लेक हाका मारत राहिली.